चैत्रातील जत्रा आणि उष्माघाताची तरतूद

प्रश्न : आमच्या ग्रामदैवताच्या चैत्री जत्रेला भर उन्हात हजारो भाविक जमतात. वैद्यकीय मदतकक्षात कोणते साहित्य ठेवावे?

उत्तर : औषधांच्या पेटीआधी पाणी, बर्फ व सावली यांचा बंदोबस्त करावा, असे माझे स्पष्ट मत आहे; १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरील समारंभानंतर उष्माघाताने १४ माणसे दगावली, हे कोणत्याही आयोजकाने विसरता कामा नये. उष्माघातात शरीराचे अंतर्गत तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते, रुग्ण असंबद्ध बोलू लागतो अथवा बेशुद्ध पडतो, आणि अशा वेळी तापाची गोळी सर्वथा निरुपयोगी ठरून, रुग्णाला ताडपत्रीच्या खोळीत ओतलेल्या बर्फाच्या पाण्यात, डोके वर धरून, तत्काळ निजवणे, व हे रुग्णवाहिकेची वाट न पाहता करणे, हाच खरा उपचार होय. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी मात्र कदापि ओतू नये.

शिवाय, कोणाची हृदयक्रिया बंद पडल्यास मिनिटाला १०० ते १२० या गतीने छाती दाबणारे प्रशिक्षित स्वयंसेवक आणि विजेचा झटका देणारे स्वयंचलित यंत्र ही दोन्ही हवीत. यंत्र कुलूपबंद कपाटात नव्हे, तर सर्वांच्या नजरेसमोर असावे.

१०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेसाठी एक रस्ता दुकानांपासून पूर्ण मोकळा राखावा. त्याचा नकाशा जोडून तहसीलदार व प्राथमिक आरोग्य केंद्राकडे आजच अर्ज करावा, ही आपणांस कळकळीची विनंती.