एका व्हॉल्व्हच्या जागीं दुसरा

किल्ली कुलपांत शिरली म्हणजे ती फिरेलच असें नाहीं. बळेंच फिरविली तर किल्ली व कुलूप दोन्ही गमवावीं लागतात. आमच्या हातून असाच एक प्रकार घडला आहे. शाळेच्या सभागृहांत भजनांच्या तबकड्या वाजविण्यासाठीं आम्हीं घरीं जुळविलेला व्हॉल्व्हचा एक लहानसा बफर आहे. त्यांतला ईसीसी ८२ हा व्हॉल्व्ह निकामी झाला. हाताशीं एका जुन्या दूरचित्रवाणी संचांतून निघालेले ईसीसी ८८ जातीचे दोन व्हॉल्व्ह होते. नऊच पाय, तोच घेर. जणूं जुळे भाऊ. आम्हीं पहिला सॉकेटमध्यें बसविला आणि कळ दाबली. आंतील तंतु निखाऱ्यासारखा लाल व्हावयाचा, तो पांढराशुभ्र उजळला आणि विझला. उरला एक. समुद्रपुरांत असली वस्तु मिळत नाहीं. जामच्या चौरस्त्यावरून नागपूरची गाडी धरावी लागते, आणि तेथेंही ती मिळेलच असें नाहीं. तेव्हां दुसऱ्या व्हॉल्व्हला हात लावण्यापूर्वीं आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलों. तोच हिशेब येथें मांडीत आहों.

बफर आवाज वाढवीत नाहीं, हें प्रथम सांगितलें पाहिजे. उंचावरून पडणाऱ्या पण बारीक धारेनें लांबचा पाट भरत नाहीं. पाणी वाटेंतच जिरतें. तेंच पाणी त्याच उंचीवरून पण भरल्या ओघानें सोडलें तर शेवटच्या वाफ्यापर्यंत पोंचतें. आमचें तबकडीयंत्र व्यासपीठाच्या एका बाजूस आणि ध्वनिवर्धक दुसऱ्या टोकास. मध्यें तीस मीटर तार. अशा जाळीदार वेष्टनाच्या तारेंत दर मीटरला सुमारें १०० पिकोफॅरड धारकता असते, म्हणजे एकूण ३,००० झाली. उगमाचा रोध ५० हजार ओहम धरला तर सेकंदास हजाराच्या वरचीं सर्व कंपनें तारेंतच क्षीण होऊं लागतात. झांजेचा झणत्कार, 'स' आणि 'श' यांतील फरक, हें सारें वाटेंत राहतें. मध्यें बफर घातला कीं तारेस दिसणारा रोध सहाशें ओहमांवर येतो आणि ती मर्यादा ऐंशी हजार कंपनांपलीकडे जाते. माणसाचा कान वीस हजारांच्या पुढें ऐकत नाहीं, हें आपण भौतिकशास्त्राच्या तासाला शिकलां आहांत.

हें काम व्हॉल्व्ह कसें करतो? तापलेल्या कॅथोडमधून विद्युत्कण निघतात, धन दाबाची प्लेट त्यांस ओढते, आणि मधली ग्रिड नांवाची जाळी त्यांना कमीअधिक अडविते. फ्लेमिंगनें १९०४ सालीं दोन भागांची नलिका केली. १९०६ मध्यें द फॉरेस्टनें तींत जाळी घातली, आणि तेथून रेडिओचें युग सुरू झालें. १९४८ मध्यें नागपूरचें आकाशवाणी केंद्र निघालें तेव्हां घरोघरचे रेडिओ याच नलिकांवर चालत. पुढें १९६१ पासून बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांतही त्या बनूं लागल्या. नेहमींच्या जोडणींत ध्वनि प्लेटकडून घेतात. बफरांत तो कॅथोडकडून घेतात. त्यामुळें कॅथोडचा दाब ग्रिडच्या मागोमाग, अगदीं थोडा कमी होऊन, चढतो-उतरतो.

आतां पहिली चूक कोठें झाली तें पाहूं. ईसीसी ८२ च्या तापतंतूचे दोन अर्ध असतात. त्यांचीं बाहेरचीं टोकें ४ व ५ या पायांवर आणि मधलें टोक ९ व्या पायावर असतें. आम्हीं ४ आणि ५ मध्यें १२.६ व्होल्ट दिले होते, आणि ९ वा पाय मोकळा होता. ईसीसी ८८ चा तंतु त्याच दोन पायांवर येतो, पण त्याला ६.३ व्होल्टच लागतात. दाब दुप्पट झाला कीं उष्णता चौपटीकडे धांवते. तंतु जळाला यांत नवल तें काय! शिवाय त्याचा ९ वा पाय तंतूचा नसून दोन अर्धांमधील पडद्याचा आहे, आणि तो जमिनीच्या तारेस जोडावयाचा असतो. आमच्या ट्रान्स्फॉर्मरच्या गुंडाळीस मधोमध टोक असल्यानें अर्धी गुंडाळी घेऊन काम भागलें. मात्र प्रवाह ०.१५ वरून ०.३६५ अँपिअर झाला. गुंडाळी एक अँपिअरची होती म्हणून तो तिला पेलला.

तंतु सुधारला म्हणजे झालें, असें आम्हांसही वाटलें होतें. पण कारखान्याचा तक्ता उघडला तेव्हां दिसलें कीं ईसीसी ८२ ची प्लेट ३०० व्होल्ट सोसते, ईसीसी ८८ ची केवळ १३०. आमचा पुरवठा २५० व्होल्टांचा. कॅथोडखालीं १.५ किलोओहम आणि त्याखालीं २२ किलोओहम असे रोध. जुना व्हॉल्व्ह यांत ४ मिलिअँपिअर घेई, कॅथोड ९४ व्होल्टांवर राही आणि प्लेट-कॅथोडमध्यें १५६ व्होल्ट उरत. नवा तसाच ठेवला असता तर हिशेबानें सुमारें १७५ व्होल्ट त्याच्या वांट्यास आले असते. तो लगेच मेला नसता. हळूहळू झिजला असता आणि आम्ही दोष दुकानदारास दिला असता!

म्हणून पुरवठा उतरविला. दोन्ही अर्ध मिळून ८ मिलिअँपिअर, ८.२ किलोओहमचा रोध मध्यें घातला कीं ६६ व्होल्ट गळतात आणि १८४ उरतात. त्यांत अर्ध्या वॉटहून थोडी अधिक उष्णता होते; आम्हीं दोन वॉटचा रोध लावला, कारण वैशाखांत आमच्याकडे खोलींतली हवाच तापलेली असते. त्यापुढच्या कंडेन्सरविषयीं एक सूक्ष्म गोष्ट आहे. दाब १८४ च आहे म्हणून २०० व्होल्टांचा कंडेन्सर लावण्याचा मोह होतो. पण कळ दाबल्यावर तंतु तापेपर्यंत व्हॉल्व्ह प्रवाहच घेत नाहीं. प्रवाह नाहीं तर रोधांत गळतीही नाहीं, आणि तेवढा वेळ कंडेन्सरवर पुरते २५० व्होल्ट उभे राहतात. आम्हीं ३५० चा लावला. मग १.५ किलोओहमच्या जागीं ५६० ओहम घातला. या व्हॉल्व्हच्या ग्रिडला कॅथोडपेक्षां सुमारें दोनच व्होल्ट ऋण दाब लागतो, जुन्यास सहा लागत.

कॅथोड ९० व्होल्टांवर आणि तंतु जमिनीवर राहिला तर त्या दोहोंमधील पातळ आवरणावर ताण येतो. यासाठीं २२० आणि ६८ किलोओहमांच्या जोडीनें तंतूची गुंडाळी ५९ व्होल्टांवर उचलून ठेविली.

डाख देण्यापूर्वीं पालकांसाठीं व मुलांसाठीं दोन शब्द. वीज बंद केली म्हणजे पेटी निर्धोक झाली असें नव्हे. कंडेन्सर भरलेलाच राहतो आणि २५० व्होल्ट प्राण घेऊं शकतात. आमच्या पेटींत वरील दोन रोधांतून तो रिता होतो, तरी दोन मिनिटें थांबून मीटरनें पाहिल्यावांचून बोट आंत घालूं नये. चालू पेटींत मापें घेतांना एक हात पाठीमागें ठेवावा. घरांत जाणता माणूस नसेल तर मुलांनीं झांकण उघडूंच नये.

सारें जुळलें, तबकडी लागली, आणि आवाजांत एक खरखर आली. हात सॉकेटजवळ नेला कीं ती बदले. दोन दिवस आम्हीं डाख तपासले. कारण निराळेंच होतें: ईसीसी ८८ हा दूरचित्रवाणीच्या अतिशीघ्र लहरींसाठीं घडविलेला, जुन्यापेक्षां कितीतरी चपळ व्हॉल्व्ह. तारेचा बोटभर तुकडाही त्याला पुरतो. कानास न ऐकूं येणाऱ्या लहरी तो स्वतःच उत्पन्न करूं लागतो. २ आणि ७ या ग्रिडच्या पायांना अगदीं चिकटून एकेक हजार ओहमचा रोध लावला, प्लेटपासून जमिनीस ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर दिला, आणि खरखर थांबली.

खरें सांगावयाचें तर नुसत्या ध्वनीसाठीं जुना व्हॉल्व्हही पुरेसा होता. बाहेर पडणारा रोध सहाशेंवरून दीडशें ओहमांच्या आसपास आला, तरी आमच्या तीस मीटर तारेवर कानाला तो फरक कळत नाहीं. कळतो असें कोणी म्हणाल्यास आम्ही हंसून सोडून देऊं.

शेवटचीं मापें अशीं: प्लेटवर १८६ व्होल्ट, डाव्या कॅथोडवर ९०, उजव्यावर ८७. जुना व्हॉल्व्ह असल्यानें दोन अर्धांत एवढें अंतर चालावयाचेंच. ध्वनिक्षेपकास कान लावला तर अजून बारीक गुणगुण ऐकूं येते. ती ट्रान्स्फॉर्मर जवळ असल्यामुळें कीं जमिनीच्या तारेमुळें, याचा शोध चालू आहे.