पुनःशुद्ध मोटार-तेल : ग्राहक ते घेईल काय?

मोटारींच्या सुट्या भागांचा व वंगणाचा व्यापार करणाऱ्या आपल्या बंधूंपुढे हल्ली एक प्रश्न वरचेवर येतो. इंजिनातून काढलेले वापरलेले तेल शास्त्रीय रीतीने शुद्ध करून पुन्हा डब्यात भरले व तसे स्पष्ट सांगून विकावयास ठेवले, तर ग्राहक ते घेईल काय? बहुतेक दुकानदारांचे उत्तर तत्काळ नकारार्थी असते. हा नकार कशातून उद्भवतो, तो तेलासंबंधी आहे की विक्रेत्यासंबंधी, आणि तो दूर करणे कोणाच्या हाती आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

तेल जुने होते म्हणजे काय?

इंजिन-तेलात दोन घटक असतात. बहुतांश भाग खनिज तेलापासून काढलेल्या मूळ तेलाचा असतो व उरलेला भाग त्यात मिसळलेल्या रासायनिक पूरक द्रव्यांचा असतो. इंजिन चालू लागले की या तेलात काजळी, पाणी, न जळलेले इंधन, झिजलेल्या धातूचे सूक्ष्म कण व उष्णतेने उत्पन्न झालेली आम्ले साचत जातात. पूरक द्रव्ये आपले काम करून खर्ची पडतात. मूळ तेलाचा फार थोडा भाग बिघडतो. उरलेले सर्व केवळ मळते. तेल काळे पडले म्हणजे ते निकामी झाले, ही समजूतही खरी नाही. चांगल्या तेलातील शोधक द्रव्ये काजळीचे कण आपल्यात तरंगत ठेवतात, म्हणूनच ते काळे दिसते.

हा मळ काढण्याच्या तीन रीती बाजारात आढळतात व त्यांतील भेद व्यापाऱ्याने नीट ध्यानी धरावयास हवा. पहिली रीत केवळ गाळण्याची. तेल निवळू द्यावयाचे, फडक्यातून वा गाळणीतून काढावयाचे आणि डब्यात भरावयाचे. यात आम्ले, इंधन व पाण्याचा अंश तसाच राहतो. याला शुद्धीकरण म्हणणे हीच मुळी फसवणूक होय. दुसरी रीत गंधकाम्ल व शोषक माती यांची. तिने तेल बरेच उजळते. परंतु मागे आम्लयुक्त विषारी गाळ उरतो, म्हणून भारतात ती निषिद्ध ठरली. तिसरी रीत निर्वात ऊर्ध्वपातनाची. प्रथम तेल तापवून पाणी व हलके इंधन उडवून लावतात. मग कमी दाबाखाली मूळ तेलाची वाफ करतात. दाब कमी असल्याने ते करपत नाही व धातू आणि जळकी द्रव्ये डांबरासारख्या अवशेषात मागे राहतात. शेवटी माती वा हायड्रोजन वायूच्या योगाने ते उजळून त्यात नवी पूरक द्रव्ये मिसळतात. या तेलासच ‘पुनःशुद्ध’ ही संज्ञा योग्य आहे, व पुढील सर्व विवेचन याच तेलाविषयी आहे.

पाण्याचा प्रश्न

हा प्रश्न केवळ नफ्याचा नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे गणित असे की, सुमारे १५९ लिटर, म्हणजे एक पिंप, कच्च्या खनिज तेलातून जेवढे वंगण-तेल निघते, तेवढेच, म्हणजे अडीच लिटरांच्या आसपास, वापरलेल्या ३.८ लिटर तेलातून परत मिळविता येते. आपला देश लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक परदेशातून आणतो, हे लक्षात घेता या हिशेबाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. त्याच संस्थेच्या मते ३.८ लिटर वापरलेले तेल सुमारे ३८ लाख लिटर गोडे पाणी नासवू शकते.

आता आपल्या वस्तीकडे पाहू. ‘नल्लकुंटा’ या तेलुगू नावाचा शब्दार्थ ‘काळे तळे’ असा होतो. हुसेनसागराचे जादा पाणी वाहून नेणारा नाला याच भागाजवळून अंबरपेठच्या बाजूस जाऊन मुसी नदीस मिळतो. एका दुचाकीतून सुमारे एक लिटर व एका लहान मोटारीतून तीन ते चार लिटर तेल दर बदलाच्या वेळी निघते. गल्लीबोळांतील दुरुस्तीच्या दुकानांत निघणारे हे जळके तेल काही सेंट्रिंगच्या फळ्यांना फासले जाते, काही भट्ट्यांत जाळले जाते आणि काही सरळ गटारात जाते. पाणी गाळल्यावाचून न पिणाऱ्या, जलकायिक जीवांचीही हिंसा टाळू पाहणाऱ्या आपल्या समाजाने या गटाराकडे काणाडोळा करावा, हे विसंगत आहे.

ग्राहकाची शंका

ग्राहक पुनःशुद्ध तेलाला भितो याचे मुख्य कारण असे की, त्याने आजवर ते कधी उघडपणे पाहिलेलेच नाही. त्याने पाहिले ते गाळलेले तेल. नामांकित कंपनीच्या जुन्या डब्यात भरलेले आणि नवे म्हणून विकलेले. इंजिन खराब झाल्यावरच त्याला त्या लबाडीचा पत्ता लागला. जे तेल प्रामाणिकपणे कधी समोर आलेच नाही, त्याची परीक्षा त्याने लबाडांच्या मालावरून केली, तर दोष त्याला कसा द्यावा?

आणखी दोन गोष्टी विचारात घेतल्या पाहिजेत. एक तर पुष्कळदा तेलाची निवड ग्राहक करीतच नाही. ती त्याचा मिस्त्री करतो. मिस्त्री बोटांत तेल चोळून पाहतो, आणि बोटाला घट्टपणा कळला तरी आम्लता कळत नाही. इंजिन बिघडले तर बोल आपल्याला लागेल, या भयाने तो ओळखीचाच डबा उघडतो. दुसरी गोष्ट किमतीची. पुनःशुद्ध तेल फार स्वस्त ठेवले की खपेल, असा व्यापाऱ्याचा तर्क असतो. परंतु ज्या वस्तूची पारख करता येत नाही, तिची स्वस्ताई हीच ग्राहकाला खोटेपणाची खूण वाटते. हजारो रुपयांच्या इंजिनासाठी शंभर रुपये वाचविण्याचा धोका शहाणा मनुष्य पत्करीत नाही.

अमेरिकेचा अनुभव

या बाबतीत अमेरिकेचा अनुभव बोधप्रद आहे. तेथे १९६५ साली फेडरल ट्रेड कमिशन या व्यापार-नियामक संस्थेने असा दंडक घातला की, पुनःशुद्ध तेलाच्या डब्यावर ते पूर्वी वापरलेले असल्याचे छापलेच पाहिजे. त्याच वर्षी या धंद्यास मिळणारी करसवलतही गेली. आम्लगाळाच्या विल्हेवाटीचा खर्च होताच. या सर्व कारणांनी तेथील पुनःशुद्धीकरणाचे कारखाने एकामागून एक बंद पडत गेले.

चिठ्ठीवरील मजकूर असत्य नव्हता. तथापि तो अपुरा होता. तेल कोठून आले एवढेच त्यात सांगितले होते. ते आज कसे आहे, हे सांगितले नव्हते. १९७५ च्या ऊर्जाविषयक कायद्याने तेथील राष्ट्रीय मानक संस्थेवर या तेलाच्या कसोट्या ठरविण्याचे काम सोपविले. १९८१ मध्ये तो जुना दंडक स्थगित झाला आणि १९९५ मध्ये नवा नियम आला : ठरलेल्या कसोट्यांना उतरलेले तेल नव्या तेलाच्या तोडीचे आहे, असे डब्यावर सांगण्याची मुभा मिळाली. मधल्या काळात १९८८ साली सरकारी खरेदीत पुनःशुद्ध तेलास स्थान देण्याची मार्गदर्शक तत्त्वे निघाली व १९९३ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशाने त्यांस बळ मिळाले. चाचणीचा अहवाल वाचू शकणारा मोठा खरेदीदार आधी गाठावा, किरकोळ ग्राहक त्याच्या अनुभवावरून मागे येतो, हा क्रम व्यापाऱ्याने ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

सुवर्णाचा दृष्टांत

आपल्या परंपरेत या प्रश्नाची गुरुकिल्ली फार पूर्वीच दिलेली आहे. आचार्य समंतभद्रांच्या ‘आप्तमीमांसे’त सुवर्णघट मोडून मुकुट घडविल्याचा दृष्टांत येतो. घट गेला, मुकुट आला, सुवर्ण मात्र कायम राहिले. पर्याय पालटतात, द्रव्य टिकते. तेलाचेही असेच आहे. काजळी व आम्ल हा त्याचा पर्याय. मूळ तेल हे द्रव्य.

नवी बांगडी घेणारी गृहिणी हे सोने पूर्वी कोणाच्या अंगावर होते, असे विचारीत नाही. पण म्हणून ती सोने डोळे मिटून घेते असेही नाही. सोन्याला कसोटी आहे. भारतीय मानक संस्थेने २००० साली सुरू केलेला हॉलमार्क जून २०२१ पासून देशातील अनेक जिल्ह्यांत सक्तीचा झाला. तेव्हापासून सराफाच्या शब्दाला छापाचा आधार मिळाला. सोने उष्टे मानले जात नाही, कारण त्याचा कस उघडपणे सांगता येतो. तेल उष्टे मानले जाते, कारण त्याचा कस कोणी सांगतच नाही.

आणि तेलालाही कस आहे. उदाहरणार्थ, एस.ए.ई. ४० या श्रेणीच्या तेलाचा घट्टपणा १०० अंश सेल्सिअस उष्णतेला १२.५ सेंटिस्टोकपेक्षा कमी नसावा व १६.३ च्या आत असावा, असे प्रमाण ठरलेले आहे. त्याखेरीज पेट घेण्याचे तापमान, पाण्याचा अंश, आम्लाचे निवारण करण्याची शक्ती आणि धातूंचे प्रमाण हे सर्व प्रयोगशाळेत मोजता येते. या कसोट्यांना तेलाचे पूर्वायुष्य ठाऊक नसते.

नियम आणि नीती

भारतात वापरलेले तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते; त्यावर प्रक्रिया करावयाची तर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची अनुमती लागते. २०२३ च्या दुरुस्तीने, १ एप्रिल २०२४ पासून, तेलाच्या उत्पादकांवर व आयातदारांवर वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी आली आहे. तिचे प्रमाण पहिल्या वर्षी ५ टक्के असून ते टप्प्याटप्प्याने ५० टक्क्यांपर्यंत न्यावयाचे आहे. म्हणजे पुनःशुद्ध मूळ तेल नामांकित डब्यांतूनही अधिकाधिक प्रमाणात येणार. अशा स्थितीत ‘ग्राहक घेईल काय’ यापेक्षा ‘आपण त्याला सांगू काय’ हाच प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्यव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत राज्याच्या नियमांचे उल्लंघन येते, खोटी मापे येतात आणि ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे हलका माल उत्तम म्हणून खपविणे, हाही येतो. गाळलेले तेल पुनःशुद्ध म्हणून विकणे हा उघड प्रतिरूपक व्यवहार आहे. मग उत्तम पुनःशुद्ध तेल त्याचे मूळ लपवून विकले तर? माल हलका नाही, तरी ग्राहकाची संमती चोरलेली असते. त्यातच धंद्याचाही तोटा आहे. कारण लपवून विकलेल्या चांगल्या तेलाचे यश त्या तेलाच्या नावावर कधीच जमा होत नाही आणि बाजारातील शंका होती तेथेच राहते.

यावर कोणी म्हणेल, ‘मी खरे सांगेन व शेजारचा लपवील, गिऱ्हाईक त्याच्याकडे जाईल.’ ही अडचण खरी आहे व ती एकट्याने सुटण्यासारखी नाही. म्हणूनच संघटना असतात.

काय करता येईल?

पहिले : संघटनेने सभासदांसाठी प्रत्येक घाण्याच्या तेलाची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत चाचणी करवून घ्यावी व अहवाल दुकानात दर्शनी लावावा. दुसरे : डब्यावर मूळ व कस ही दोन्ही एकाच आकाराच्या अक्षरांत असावीत. तिसरे : प्रथम मालमोटारींचे व शाळांच्या बसगाड्यांचे मालक गाठावेत व त्यांच्या इंजिनांचा अनुभव नोंदवून ठेवावा. चौथे : मिस्त्री मंडळींना अहवाल वाचावयास शिकवावे आणि इंजिन बिघडल्यास भरपाईची लेखी हमी त्यांच्या हाती द्यावी. पाचवे : रिकामा डबा भोक पाडूनच भंगारात द्यावा, म्हणजे त्यात पुन्हा खोटा माल भरला जाणार नाही. सहावे : जेथे नवे तेल विकतो, तेथेच जुने परत घेण्याचे पिंप ठेवावे व ते केवळ अनुमतिप्राप्त कारखान्यासच द्यावे.

ग्राहक पुनःशुद्ध तेल घेईल, याविषयी शंका बाळगण्याचे कारण दिसत नाही. जुने सोने तो आजही घेतच आहे. मात्र तो तेलाचा इतिहास विसरावयास तयार होईल, तो विक्रेत्याच्या इतिहासावर विश्वास बसल्यानंतरच. तेल शुद्ध करण्याची विद्या कारखानदाराजवळ आहे. व्यवहार शुद्ध करण्याचे काम मात्र आपणा व्यापाऱ्यांचे आहे, आणि त्याचा आरंभ यंदापासूनच व्हावा, अशी सर्व बंधूंना विनंती आहे.