किनाऱ्याची पायवाट आणि स्थलनामे

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• पारदर्शक व अपारदर्शक स्थलनामांतील फरक सांगता येईल.
• भाषा लोपल्यावरही स्थलनामे का टिकतात, याचे विवेचन करता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, स्थलनामांचा अभ्यास नकाशावरून करता येतो. परंतु नाव ज्या भूरूपाला दिले गेले, ते प्रत्यक्ष पाहिल्यावर त्याचा अर्थ उलगडतो. यासाठी आपण एका पायवाटेचे उदाहरण घेऊ. नैर्ऋत्य इंग्लंडमधील ‘साउथ वेस्ट कोस्ट पाथ’ ही वाट माइनहेडपासून पूल बंदराच्या मुखापर्यंत सुमारे 1,014 किलोमीटर जाते. चोरटा माल उतरवणाऱ्यांवर नजर ठेवण्यासाठी एकोणिसाव्या शतकात किनारारक्षक येथे पायी गस्त घालीत. प्रत्येक लहान आखातात डोकावणे आवश्यक असल्याने वाट कड्यांच्या कडेनेच राहिली. म्हणून आजही येथे चालणाऱ्याला प्रत्येक भूशिराला वळसा घालावा लागतो.

विवेचन

या वाटेचा मोठा भाग कॉर्नवॉलमधून जातो. तेथील कॉर्निश ही केल्टिक कुळातील भाषा अठराव्या शतकाच्या अखेरीस दैनंदिन व्यवहारातून लोपली. नावे मात्र राहिली. ‘पेन’ म्हणजे डोके, त्यावरून भूशिर. ‘पोर्थ’ म्हणजे लहान आखात किंवा बंदर. ‘पेन्झान्स’ म्हणजे पवित्र भूशिर. ‘पोर्थग्विडन’ म्हणजे पांढरे आखात. येथील शब्दक्रम लक्षात घ्या. मराठीत आणि इंग्रजीत विशेषण सामान्यतः नामाआधी येते. या नावांत ते नामानंतर आले आहे. म्हणजे नावांनी शब्दांबरोबर कॉर्निशचा एक व्याकरणनियमही जपला आहे.

हे कसे घडते? स्थलनामाचे मुख्य कार्य निर्देश करणे हे आहे. अर्थ न कळताही ते कार्य चालू राहते. केवळ इंग्रजी जाणणाऱ्यास ‘पेन्झान्स’ हे नाव अपारदर्शक आहे, तर ‘लँड्स एंड’, म्हणजे भूमीचा शेवट, हे पारदर्शक आहे.

तथापि, केवळ स्थलनामांवरून भाषा पुन्हा उभी राहत नाही. विसाव्या शतकात कॉर्निशचे पुनरुज्जीवन सुरू झाले, तेव्हा मध्ययुगीन नाटकांसारखे लिखित साहित्य आधाराला होते. ज्या बोलींचे लेखन झालेले नाही, त्यांना असा आधार कोठून मिळणार? कोकणात ‘पुळण’, ‘सडा’ हे शब्द अजून बोलले जातात, म्हणून त्यांवरून पडलेली नावे तेथील माणसाला उमगतात. उद्या ‘पुळण’ जाऊन केवळ ‘बीच’ उरला, तर नाव राहील, अर्थ जाईल.

सारांश

स्थलनाम भाषेपेक्षा दीर्घायुषी असू शकते. त्याचा अर्थ मात्र बोलणाऱ्यांबरोबरच टिकतो किंवा नाहीसा होतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न

1. ‘पेन्झान्स’ या नावातून कॉर्निशच्या शब्दक्रमाविषयी काय समजते?
2. आपल्या परिसरातील एक पारदर्शक व एक अपारदर्शक स्थलनाम सांगा.

उपक्रम

नदी, खाडी किंवा डोंगराच्या कडेची एखादी वाट परिसरातील वडीलधाऱ्या व्यक्तीसह चाला. वाटेतील वळणे, खडक, उतार व पाणवठे यांची स्थानिक नावे उच्चारली जातात तशीच टिपून घ्या. फलकावरील रूप वेगळे असल्यास तेही शेजारी लिहा.