शिवणवर्गाचा फॅशन शो

फॅशन शो करायचं ठरलं की पहिली चर्चा रॅम्पची होते, दुसरी लाइटची आणि तिसरी पाहुणे कोण बोलवायचे याची. हे सगळं शेवटच्या आठवड्यात ठरवलं तरी चालतं. आधी ठरवायची ती कपडे बदलायची खोली. इस्त्री कुठे लागेल, पिना कोणाच्या हातात असतील, पुढचा नंबर कोण हाकारेल, रडणारं पोर कोण धरेल. पगारी माणूस एकही नाही, सगळा कारभार हौसेचा, अशा कार्यक्रमात जे काही बिघडतं ते या खोलीत बिघडतं. म्हणून खालची सगळी तयारी तिच्या सोयीनं केली आहे. अंदाज तीस कपड्यांच्या कार्यक्रमाचा धरला आहे.

तारीख

पौष धरा. पौषात लग्नं नसतात, त्यामुळे मंगल कार्यालयं रिकामी असतात, भाड्यात घासाघीस करता येते आणि वर्गातल्या बायकांसमोर लग्नाच्या ब्लाउजांची रास पडलेली नसते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालूच असतात. शो त्यालाच जोडला की वेगळं बोलावणं करावं लागत नाही, आणि वाण म्हणून उरलेल्या कापडाचे बटवे शिवून देता येतात. काळ्या कापडाला मान मिळतो तोही याच दिवसांत. चंद्रकळा, काळा खण, बोरन्हाणाचं काळं झबलं असा एक गट आपसूक तयार होतो.

हॉल दसऱ्याच्या सुमारास बोलून ठेवा. शिवायला बसायचं ते दिवाळीच्या ऑर्डरी हातावेगळ्या झाल्यावर. मार्गशीर्षात गुरुवारी बैठक ठेवू नका, बऱ्याच घरी महालक्ष्मीचं व्रत असतं, कोणी फिरकणार नाही. जानेवारीत दहावी-बारावीच्या प्रिलिम असतात. त्या मुलांच्या आयांना मोठं काम देऊ नका, त्या नाही म्हणणार नाहीत आणि मग सगळ्यांचेच हाल होतील. वेळ संध्याकाळी पाचची बरी. सातला सगळं आटोपलं तर बायका घरी जाऊन कुकर लावू शकतात, आणि ज्या कार्यक्रमानंतर कुकर लावता येतो त्याला पुढच्या वर्षीही गर्दी होते.

माणसं

वही काढा आणि प्रत्येकीला ‘तू काय करशील?’ असं न विचारता ‘तुला त्या दिवशी किती ते किती वेळ आहे?’ असं विचारा. वेळ कळली की काम देता येतं. ‘बघते’ म्हणणारीचं नाव पेन्सिलीनं लिहायचं.

तीस कपड्यांना आतल्या खोलीत पाच जणी लागतात. एक इस्त्रीवर. दोघी नेसवायला आणि पिना लावायला. एक सुईदोरा घेऊन फिरती, तिच्याकडे दुसरं काहीही काम नको. पाचवी दारात. ही दारातली बाई सगळ्यांत महत्त्वाची. तिच्या हातात क्रमाचा कागद, आणि तिनं पाठवल्याशिवाय कोणी बाहेर पडायचं नाही, मग ती वर्ग चालवणारी ताई का असेना. आवाज मोठा आणि स्वभाव थंड अशी बाई यासाठी शोधा. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई बहुतेक वर्गांत एक तरी असतातच.

चालणारीला दुसरं काम द्यायचं नाही. चहा, हळदीकुंकू, दारावर अत्तर-गुलाबपाणी यांना वेगळ्या बायका. साउंडचं काम घरातल्या एखाद्या मुलाकडे द्यायला हरकत नाही, पण त्याला तालमीला बोलवा.

कपडे आणि कार्ड

प्रत्येकीचा एकच कपडा घ्या. चांगलं शिवणारीचे चार आणि नवशिकीचा एकही नाही, असं झालं तर पुढच्या वर्षी वर्ग अर्धा होतो. स्पर्धा आणि बक्षीस ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तीन जणींना कप मिळतो आणि सत्तावीस जणी परीक्षकांचं काय चुकलं ते बोलत घरी जातात.

कपडा ठरला की पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर त्याचं कार्ड करा आणि हँगरला सुतळीनं बांधा. त्यावर नंबर, शिवणारीचं नाव, घालणारीचं नाव, कापड कुठलं, पायात काय, दागिने काय, आणि शेवटी ‘काय बघायचं’ अशी एक ओळ. ही ओळ शिवणारीनं स्वतः लिहायची. ‘खणाचा पन्हा लहान, म्हणून बाहीला जोड दिला आणि जोडावर काठ लावला.’ ‘साडीचा पदर विरला होता, तेवढा सोडून बाकीच्यात दोन मुलींचे परकर.’ नुसतं ‘सुंदर डिझायनर ब्लाउज’ असं लिहून आलं तर कार्ड परत करा. निवेदन याच ओळीवर उभं राहणार आहे.

जुन्या पैठण्या कापायच्या की नाहीत यावर दर वर्षी वाद होतो. घडीवर चिरलेली, नेसता येणार नाही अशी असेल तर खुशाल कापावी. काठ-पदर शाबूत असेल तर हात लावू नये. आणि कापण्याआधी घरातल्या मोठ्या बाईला विचारावं, कारण कार्यक्रमाला त्या पहिल्या रांगेत बसलेल्या असतात.

क्रम

लहान मुलं आधी. बोरन्हाणाची बाळं आईच्या कडेवर पहिल्या पाच मिनिटांत येऊन गेली पाहिजेत, नंतर ती झोपतात किंवा बिथरतात. हलव्याचे दागिने दारात उभं राहिल्यावरच घालायचे, आधी घातले तर मूल ते खातं. मग परकर-पोलक्यातल्या मुली, मग रोजचे कुर्ते आणि पंजाबी ड्रेस, मग ब्लाउज, मग जुन्या साड्यांचे नवे कपडे. शेवटी नऊवारी.

वेळेचा हिशेब सोपा आहे. तीस फुटांची वाट सावकाश जाऊन यायला, मध्ये थांबायला, एकीला चाळीसेक सेकंद. तीस जणींची वीस मिनिटं. प्रास्ताविक, पाहुण्यांची पाच मिनिटं आणि मधलं एखादं गाणं धरून सगळं पाऊण तासात बसतं. एक बाई दोनदा चालणार असेल तर मध्ये किमान दहा नंबर ठेवा, म्हणजे तिला साडेसहा मिनिटं मिळतील. तेवढ्यात ड्रेस बदलून होतो, साडी होत नाही. नऊवारी नेसवायची असेल तर ती बाई दुसरं काहीही घालणार नाही. शिवलेली नऊवारी, काष्टा मशीनवर पक्का केलेली, असेल तर गोष्ट वेगळी. ती पायजम्यासारखी चढवली की नाडी बांधून मोकळं. तरी शेवटच्या गटात एक तरी हातानं नेसलेली नऊवारी ठेवा. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड अंगावर कसं बसतं ते शिवलेलीत कळत नाही.

ब्लाउजची अडचण अशी की तो पदराखाली जातो. महिनाभर खपून कटोरी बसवली, गळ्याला पायपिंग केलं, आणि लोकांना दिसली ती साडी. म्हणून ब्लाउजच्या गटात पदर बारीक निऱ्या करून खांद्यावर पिन करा, आणि वाटेच्या टोकाला बाईनं पाठ करून मनात पाचपर्यंत मोजायचं. केस वर बांधलेले हवेत. या गटात गजरा नको, मागचा गळा झाकतो.

ट्रायल

दोन ट्रायल घ्या. पहिली कार्यक्रमाआधी पंधरा दिवस: कपडा घालून हात वर, खाली बसणं, दोन पायऱ्या चढणं. मुंढ्यात ओढतंय, बसताना कट वर येतोय, हे उभ्या बाईच्या अंगावर कधीच कळत नाही. त्या दिवशी जी चप्पल घालायची तीच पायात हवी, आणि खालची दुमड ती चप्पल घालूनच टाचायची. जमिनीपासून लाकडी पट्टी उभी धरून घेरभर खुणा करा. कमरेपासून टेपनं मोजलं तर पोटाच्या उंचवट्यामुळे पुढून कपडा वर उचललेला दिसतो. मुलांच्या कपड्यांत बाजूच्या शिलाईला आणि खाली जास्तीचं मार्जिन सोडलेलं असावं. दिवाळीत घेतलेलं माप जानेवारीत आखूड होतं.

दुसरी ट्रायल आदल्या दिवशी, हॉलमध्ये, पूर्ण क्रमानं. या ट्रायलनंतर कोणीही काहीही नवं शिवायचं नाही. रात्री अकराला सुचलेली लेस सकाळी अर्धी लटकत येते.

खोली

कार्यालयात वधूपक्षाची खोली असते ती घ्या. आरसा असतो, कडी लागते, बाथरूम जोडून असतं. भिंतीलगत डेकोरेटरकडून कपड्यांचा लोखंडी स्टँड मागवा. नसेल तर दोन खिडक्यांना नायलॉनची जाड दोरी ताणून बांधा. हँगर नंबरानं डावीकडून उजवीकडे लावायचे आणि कार्यक्रम संपेपर्यंत कोणी हलवायचे नाहीत. प्रत्येक हँगरखाली त्याच नंबराची पिशवी, तिच्यात चप्पल आणि दागिने. सोन्याचं काही आणू नका असं आधीच सांगून ठेवा.

इस्त्री साधारण हजार वॅटची असते, म्हणजे चार-साडेचार अँपिअर. दोन इस्त्र्या साध्या पॉइंटला एकाच एक्स्टेंशनवर लावल्या तर कार्यालयाचा फ्यूज जातो आणि बाहेरचा माइकही बंद पडू शकतो. पंधरा अँपिअरचा पॉइंट कुठे आहे ते आदल्या दिवशी बघून ठेवा. इस्त्री घरूनच करून आणायची, इथे फक्त चुरगळलेलं सरळ करायचं. जरीवर उलट बाजूनं, मलमलचा तुकडा टाकून, आच मंद.

एका डब्यात सेफ्टी पिना तीन मापांच्या, काळा-पांढरा-लाल दोरा ओवून ठेवलेल्या सुया, हुक, नाडी आणि नाडी घालायची मोठी पिन, कात्री, डाग पुसायला ओला पंचा, टाल्कम पावडर. सुया आधीच ओवलेल्या असणं महत्त्वाचं. घाईत चश्मा सापडत नाही. खोलीत कुंकू, चहा आणि तिळगूळ नको. फोटो काढणारेही नकोत, घरचे असले तरी.

आणि नवऱ्यांनो, दाराशी उभे राहून ‘झालं का?’ विचारू नका. खुर्च्या मांडा.

हॉल, निवेदन, गाणी

उंच स्टेज टाळा. खाली बसलेल्या माणसाला तिथल्या साडीचा फॉल तेवढा नीट दिसतो. खुर्च्या इंग्रजी यू आकारात मांडून मधून पाच फुटांची वाट सोडा, परकराचा घेर कोणाच्या पायात येणार नाही. कपडा हाताच्या अंतरावरून गेला की बायका टाका बघतात, आणि शिवणाऱ्याला तेच हवं असतं. वाटेवर सतरंजी अंथरू नका, तिच्या कडेला पाय अडकतो. नुसती फरशी बरी.

निवेदिकेनं एका कपड्याला तीन वाक्यांच्या वर बोलायचं नाही. ‘नंबर चौदा. हे पोलकं गुळेदगुड्डच्या खणाचं, शिवलंय आपल्या वर्गात यंदाच आलेल्या काकूंनी. काठ दोन्ही बाह्यांवर एकाच उंचीला आलाय, तो बघा.’ शिवणारीचं नाव घालणारीच्या आधी घ्यायचं, आणि प्रत्येकीच्या नावामागे एरवी जे लावतात तेच लावायचं: ताई, काकू, वहिनी.

रेकॉर्ड केलेली सिनेमाची गाणी जाहीर कार्यक्रमात वाजवायची तर परवान्याचा प्रश्न येतो. कार्यालयाच्या व्यवस्थापकाला आधीच विचारा. पटांगणात लाउडस्पीकर लावायचा असेल तर पोलिसांची परवानगी काढावी लागते. यापेक्षा पेटी वाजवणारं कोणी असेल तर त्यांना बसवा. नऊवारीच्या गटाला बायकांनी स्वतः म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या फार शोभतात, आणि त्यांचा वेग चालण्याला बरोबर जुळतो.

फोटोसाठी एकच व्यक्ती, एकाच जागी. मुलींचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकण्याआधी आईवडिलांना विचारायचं, तोंडी का होईना.

नंतर

कार्यक्रम संपताच कपडे आत जाऊ देऊ नका. घालणाऱ्या बायकांना दहा मिनिटं हॉलमध्ये हिंडू द्या, हळदीकुंकू त्याच वेळी. दाराजवळ एक टेबल ठेवा आणि त्यावर तीन-चार कपडे उलटे करून टांगा, अस्तर, इंटरलॉक, काजं, आतलं मार्जिन दिसेल असे. शिवणातलं ज्यांना कळतं त्या बायका याच टेबलापाशी सगळ्यांत जास्त वेळ उभ्या राहतात.

तिथेच ऑर्डरची वही. त्या गर्दीत माप घ्यायचं नाही, भाव सांगायचा नाही. नाव, फोन, काय शिवायचंय आणि कोणाच्या हातचं, एवढंच लिहा. ऑर्डर ज्या बाईचा कपडा आवडला तिलाच जाते, वर्ग मध्ये येत नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरलेलं असावं.

मग फिरत्या सुईवालीनं डब्यातल्या पिना मोजून घ्यायच्या आणि खोलीची फरशी चुंबक फिरवून बघायची. दुसऱ्या दिवशी तिथे कोणाचा तरी कार्यक्रम असेल, पोरं अनवाणी धावतील. हँगर नंबरानं परत करा, सही घ्या. हॉल, खुर्च्या, साउंड, चहा यांचा हिशेब आठ दिवसांच्या आत वर्गाच्या फळ्यावर लावा, वर्गणी उरली असेल तर ती किती हेही. उरलेल्या पैशांतून वर्गासाठी लोखंडी स्टँड घेऊन टाकला तर पुढच्या वेळी डेकोरेटरला तेवढं भाडं कमी द्यावं लागतं.