पांथस्थाचे घर

प्रवास आणि मुक्काम यांची जोडी फार पुरातन आहे. दिवसभर वाट चालून थकलेल्या पांथस्थाला रात्री डोक्यावर छप्पर, पिण्यास पाणी आणि पाठ टेकावयास जागा हवी असते. ही गरज ओळखूनच आपल्या देशात ठिकठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकर यांनी अनेक तीर्थक्षेत्री घाट आणि धर्मशाळा बांधविल्या. धर्मशाळेत यात्रेकरूने आपले अंथरूण आपण आणावे, आपला शिधा आपण शिजवावा, अशी रीत असे. मात्र आसरा मिळे. पुढे आगगाडी आणि आगबोट आली. व्यापार, नोकरी व शिक्षण यांसाठी माणसे दूरदूर जाऊ लागली आणि मोबदला घेऊन निवासाची व भोजनाची सोय करणारी हॉटेले शहरोशहरी निघाली.

आज ज्या सोयी अगदी साध्या वाटतात, त्या एके काळी मोठ्या नवलाच्या होत्या. पूर्वी पाश्चात्त्य देशांतील खाणावळवजा पथिकगृहांत अनोळखी प्रवाशांना एकाच खोलीत, प्रसंगी एकाच बिछान्यावरही झोपावे लागे. १८२९ साली अमेरिकेतील बोस्टन शहरी ट्रेमाँट हाऊस नावाचे हॉटेल उघडले. त्याची रचना आयझाया रॉजर्स या स्थापत्यविशारदाने केली होती. तेथे पाहुण्याला स्वतंत्र खोली मिळे, तिच्या दाराला कुलूप असे आणि हातपाय धुण्यासाठी खोलीत साबणाची वडी ठेवलेली असे. कुलूप आणि साबण! वस्तू क्षुल्लक खऱ्या. परंतु परक्या गावी निर्धास्तपणे झोपता येणे आणि सकाळी स्वच्छ होऊन बाहेर पडता येणे, ही सुखे क्षुल्लक नव्हेत.

तरीही स्वतंत्र स्नानगृह ही बराच काळ श्रीमंतांचीच चैन होती. ती मध्यम परिस्थितीच्या प्रवाशाला मिळवून दिली एल्सवर्थ स्टॅटलर याने. १९०८ साली बफेलो येथे त्याने जे हॉटेल उघडले, त्यात प्रत्येक खोलीला जोडून स्नानगृह होते आणि खोलीचे भाडे दीड डॉलरपासून सुरू होत असे. एवढ्या स्वस्तात हे साधले कसे? स्टॅटलरने दोन खोल्यांची स्नानगृहे पाठीला पाठ लावून बांधली आणि मधल्या पोकळीतून खालपासून वरपर्यंत नळ नेले. एकाच नळमार्गावर दोन्ही बाजूंच्या खोल्यांची सोय झाली व खर्च आटोक्यात आला. दिव्याचे बटन त्याने दाराजवळ बसविले, म्हणजे पाहुण्याला अंधारात चाचपडावे लागू नये. उत्तम रचना म्हणजे केवळ शोभा नव्हे. वापरणाऱ्याच्या अडचणीचा आधीच केलेला विचार होय.

याच सुमारास मुंबई शहरही मागे नव्हते. जमशेटजी टाटा यांनी उभारलेले ताजमहाल हॉटेल १९०३ साली खुले झाले. त्याच्या आराखड्याचे काम सीताराम खंडेराव वैद्य व डी. एन. मिर्झा यांनी केले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते पूर्णत्वास नेले. विजेचे दिवे आणि पाळणे असलेली ही वास्तू समुद्रावरून येणाऱ्या प्रवाशांच्या दृष्टीस दुरूनच पडे.

काळ बदलला, तशा गरजाही बदलल्या. मोठ्या शहरांत जागा दुर्मीळ झाली. तेव्हा १९७९ साली जपानमधील ओसाका येथे किशो कुरोकावा यांच्या रचनेनुसार एक निराळेच हॉटेल निघाले. त्यात खोल्या नव्हत्या. माणूस आडवा होईल आणि बसू शकेल एवढेच बंदिस्त कप्पे होते. दिवा, हवा व स्वच्छ बिछाना त्यांतच. शेवटची गाडी चुकलेल्या माणसाला तेवढे पुरे होते. याच धर्तीची ४८ कप्प्यांची सोय २०२१ साली मुंबई सेंट्रल स्थानकात सुरू झाली. कुलपाचेही रूप पालटले. नॉर्वेतील तोर सोर्नेस यांनी विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात छिद्रे पाडलेल्या पत्त्याची किल्ली शोधून काढली. नव्या पाहुण्याबरोबर कुलपाची खूण बदले. जुनी किल्ली कोणाच्या हाती राहिली, तरी दार उघडत नसे.

सुखसोयी वाढल्या, तशी एक जबाबदारीही पुढे आली. रोज धुतले जाणारे टॉवेल व चादरी म्हणजे पाण्याचा मोठा व्यय. साबणाच्या इवल्या बाटल्या म्हणजे कचऱ्याचा ढीग. म्हणून अनेक हॉटेले आता टॉवेल पुन्हा वापरण्याची विनंती करतात. कॅलिफोर्निया राज्याने तर २०१९ साली कायदा करून हॉटेलांतील लहान प्लॅस्टिकच्या बाटल्या टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरविले. पाहुणा एका रात्रीचा असतो. नदी आणि जमीन मात्र गावकऱ्यांना जन्मभर पुरवावयाची असते.

अलीकडे यंत्रांनीही या व्यवसायात प्रवेश केला आहे. जपानमधील नागासाकी प्रांतात २०१५ साली निघालेल्या ‘हेन ना’ हॉटेलात स्वागतापासून सामान नेण्यापर्यंतची कामे यंत्रमानव करीत. खोलीत प्रश्नांची उत्तरे देणारी एक यांत्रिक बाहुली असे. पण एखादा पाहुणा घोरू लागला, की त्याने काही विचारले असे समजून ती बोलू लागे आणि बिचाऱ्याची झोपमोड करी! २०१९ साली तेथील निम्म्याहून अधिक यंत्रमानव कामावरून दूर करण्यात आले. यंत्र आज्ञा पाळू शकले. परंतु झोपलेल्या माणसाला हाक मारू नये, हे त्याला कळले नाही.

हे कळणे हाच आतिथ्याचा गाभा आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर अतिरेक्यांनी हल्ला केला, तेव्हा ताजमहाल हॉटेलातील कर्मचारी स्वतःचा जीव वाचवून सहज निघून जाऊ शकले असते. चोरवाटा त्यांच्या परिचयाच्या होत्या. तरीही अनेकजण थांबले. त्यांनी पाहुण्यांना लपविले, धीर दिला व बाहेर काढले. त्यांपैकी काहींनी या कार्यात आपले प्राण वेचले. कोणत्याही आराखड्यात अशी सोय रेखाटता येत नाही. भिंती, दिवे, नळ व कुलुपे यांनी खोली तयार होते; पांथस्थाला तेथे घर भेटते, ते माणसाच्या ममत्वामुळेच.

अभ्यास

१. कुलूप आणि साबण या वस्तूंना पाठात एवढे महत्त्व का दिले आहे?
२. स्टॅटलरने कमी खर्चात प्रत्येक खोलीला स्नानगृह कसे दिले, ते आकृती काढून समजावून सांगा.
३. ‘पाहुणा एका रात्रीचा असतो’ या वाक्यातील आशय स्पष्ट करा.
४. तुमच्या गावातील धर्मशाळा किंवा हॉटेल पाहून तेथे वृद्ध व अपंग प्रवाशांसाठी कोणत्या सोयी हव्यात, याविषयी दहा ओळी लिहा.