घटक ४ : नोटेवरचे वाक्य – चलन, सत्ता आणि सार्वजनिक कला

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला –
• चलनी नोटेकडे एक भाषिक संहिता म्हणून पाहता येईल.
• सिल्दो मैरेलेस यांच्या नोटांवरील कलाकृतींचे स्वरूप सांगता येईल.
• पैशावरील सामाजिक विश्वास या कलाकृती कशा तपासतात, हे स्पष्ट करता येईल.

४.२ प्रास्ताविक

शंभर रुपयांची नोट हातात घेऊन वाचा. धारकाला शंभर रुपये अदा करण्याचे वचन तिच्यावर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांच्या स्वाक्षरीने दिलेले असते. वचन, शपथ, नामकरण अशा वाक्यांत उच्चारणे हीच कृती असते, असे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी दाखवून दिले. नोटेच्या कागदाला स्वतःचे मोल जवळजवळ नसते; ती चालते ती या वचनावरील सर्वांच्या विश्वासामुळे. सार्वजनिक कला म्हटली की आपल्याला चौकातील पुतळा आठवतो. परंतु हातोहात फिरणारी नोटच कलेची जागा झाली, तर त्या विश्वासाचे काय होते?

४.३ विषय-विवेचन

४.३.१ शिक्का मारलेली नोट

ब्राझीलमध्ये १९६४ ते १९८५ या काळात लष्करी राजवट होती आणि वृत्तपत्रांवर कडक नियंत्रण होते. चित्रकार-शिल्पकार मैरेलेस (जन्म १९४८) यांनी १९७० मध्ये ‘विचारसरणीच्या वर्तुळांत शिरकाव’ अशा अर्थाच्या नावाची मालिका सुरू केली. तिच्या एका भागात ते नोटांवर मजकुराचा शिक्का मारून त्या पुन्हा व्यवहारात सोडत.

२५ ऑक्टोबर १९७५ रोजी पत्रकार व्लादिमिर हेरझॉग यांचा साव पावलो येथे लष्करी कोठडीत मृत्यू झाला. लष्कराने ती आत्महत्या ठरवली. त्यानंतर एक क्रुझेरोच्या नोटांवर मैरेलेस यांचा शिक्का उमटला : ‘हेरझॉगला कोणी मारले?’

या वाक्याची रचना पाहा. ‘कोणी’ हे प्रश्नार्थक सर्वनाम कर्त्याची चौकशी करते. मारण्याची क्रिया मात्र गृहीत धरते. आरोपाचे एकही विधान न करता सरकारी खुलासा खोटा ठरतो. शिवाय वाक्याखाली लेखकाचे नाव नाही. नोट जवळ ठेवणे धोक्याचे, फाडणे तोट्याचे. म्हणून धारक ती पुढे देतो. पैशाची गरजच प्रश्नाची वाहक होते. हेरझॉग यांच्या मृत्यूचे कारण कोठडीतील छळ असल्याची नोंद असलेला सुधारित दाखला त्यांच्या कुटुंबाला २०१३ मध्ये मिळाला.

४.३.२ शून्य किमतीची नोट

‘शून्य क्रुझेरो’ (१९७४–७८) या कलाकृतीत मैरेलेस यांनी नोटेसारखीच नोट छापली. किंमत मात्र शून्य. राष्ट्रपुरुषाच्या जागी एका बाजूस क्राहो या आदिवासी जमातीतील माणूस, तर दुसऱ्या बाजूस मनोरुग्णालयातील रुग्ण आहे. समाज कोणाची किंमत शून्य धरतो, हे ती चित्रे सांगतात.

भारतात २००७ मध्ये चेन्नईच्या ‘फिफ्थ पिलर’ या संस्थेने शून्य रुपयाची नोट काढली. तिचा हेतू कलेचा नसून लाचविरोधी प्रचाराचा होता. लाच मागणाऱ्याच्या हाती द्यायच्या या नोटेवर रक्कम अदा करण्याच्या वचनाऐवजी लाच न घेण्याची व न देण्याची प्रतिज्ञा आहे. ब्राझीलमधील शून्य पैशाच्या हिशेबातून वगळलेली माणसे दाखवते; येथील शून्य जेथे पैसा येता कामा नये अशी जागा दाखवते.

४.३.३ एक मर्यादा

मैरेलेस यांच्या नोटा आज लंडनच्या टेटसारख्या संग्रहालयांत जतन केल्या आहेत. काचेआड नोट सुरक्षित राहते, पण हातोहात फिरत नाही. अशा कलेचा अर्थ तिच्या अभिसरणात असल्याने मूल्यमापन करताना ही बाब ध्यानात घ्यावी.

४.४ सारांश

नोट हे सत्तेने दिलेले वचन आहे. त्यावर दुसरे वाक्य उमटले किंवा त्यातील आकडा शून्य झाला, की वचन देणारा कोण आणि त्यातून वगळलेला कोण, हे प्रश्न उघड होतात.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्न

१. ‘हेरझॉगला कोणी मारले?’ या वाक्यातील गृहीतक स्पष्ट करा.
२. दोन्ही शून्य नोटांच्या हेतूंतील फरक सांगा.

उपक्रम : नोटेच्या मागील बाजूस पंधरा भाषांत मूल्य छापलेले असते. त्यातील मराठी मजकूर शोधा आणि वचनाचे वाक्य कोणत्या भाषांत आहे, याची नोंद करा.