तरुण डॉक्टर आणि आपण

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात वैद्यांनी परस्परांशी करावयाच्या चर्चेचा विचार आला आहे. तिला ‘तद्विद्यसंभाषा’ असे नाव असून तिचे दोन प्रकार सांगितले आहेत. ज्ञानवृद्धीसाठी स्नेहभावाने होते ती संधाय संभाषा आणि प्रतिपक्षाला नमविण्यासाठी होते ती विगृह्य संभाषा. पहिल्या प्रकारात मोकळेपणाने विचारावे, मोकळेपणाने सांगावे, हरण्याच्या भीतीने अस्वस्थ होऊ नये आणि जिंकल्याचा तोरा मिरवू नये, असा उपदेश आहे. ज्येष्ठ डॉक्टरांच्या बैठकीत नव्या पिढीचा विषय निघाला की मात्र बहुधा दुसऱ्या प्रकारची संभाषा सुरू होते, आणि तीही प्रतिपक्षाच्या अनुपस्थितीत! नवे डॉक्टर घड्याळाकडे पाहून काम करतात, हात लावण्याआधी तपासण्या लिहितात आणि शिकून झाले की गाव सोडतात, असे तीन आरोप प्रामुख्याने ऐकू येतात. रुग्णाची तक्रार ऐकताना आपण लक्षणावर थांबत नाही, कारणाचा शोध घेतो. या तीन तक्रारींनाही तोच न्याय लावावयास हवा.

प्रथम घड्याळाचा विचार करू. केंद्र सरकारच्या निवासी डॉक्टर योजनेत १९९२ साली असे नमूद होते की सलग काम सामान्यतः १२ तासांहून आणि आठवड्याचे काम ४८ तासांहून अधिक नसावे. पुढे २०२४ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मानसिक आरोग्यविषयक कार्यदलाने आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा सुचविली. म्हणजे बत्तीस वर्षांनंतर सुधारणा म्हणून पुढे आलेला आकडाही मूळ मर्यादेच्या दीडपटीहून अधिक होता! प्रत्यक्ष स्थिती काय असेल याची कल्पना यावरून यावी. डॉसन व रीड या संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले की सलग १७ तास जागलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असलेल्या माणसाइतकी खालावते. आपल्या देशात ०.०३ टक्क्यांहून अधिक मद्यांश असलेल्या वाहनचालकाला कायदा दोषी ठरवितो. ज्या अवस्थेत गाडी चालविणे गुन्हा, त्या अवस्थेत शिरेतून औषध देणे ही सेवा कशी? ज्येष्ठांनी छत्तीस-छत्तीस तास जागून काम केले हे खरे आणि त्यामागची निष्ठाही वंदनीय. परंतु त्या जागरणाची किंमत रुग्णाला किती मोजावी लागली, याची नोंद कोणी ठेवीत नसे. तरुण डॉक्टर झोप मागतो तेव्हा तो रुग्णाची सुरक्षितताही मागत असतो.

तपासण्यांचा आरोप अधिक गुंतागुंतीचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा वैद्यकीय सेवेला लागू होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९९५ रोजी दिला. आज तिशीत असलेला डॉक्टर त्या निर्णयानंतरच्या जगातच वाढला आहे. आपल्या शब्दावर विश्वास ठेवणारे घर त्याला वारशाने मिळालेले नाही. त्याला रुग्ण सांभाळावा लागतो तसा कागदही सांभाळावा लागतो. त्यातच रुग्णालयात होणाऱ्या हल्ल्यांचे भय आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या शासकीय रुग्णालयात कर्तव्यावर असलेल्या तरुण महिला डॉक्टरची अत्याचार करून हत्या झाली आणि डॉक्टरांच्या सुरक्षिततेसाठी सर्वोच्च न्यायालयाला राष्ट्रीय कार्यदल नेमावे लागले. त्या वेळी ज्या मुली प्रशिक्षणात होत्या, त्यांच्या मनावर त्याची छाया पडली नसेल असे कसे म्हणावे?

तथापि या तक्रारीत तथ्यही आहे. भीतीपोटी लिहिलेल्या प्रत्येक तपासणीचा भार अखेर रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबावर पडतो. सोनोग्राफीपूर्वी पोटावर ठेवलेला हात आणि एक्स-रेपूर्वी छातीवर टेकवलेला स्टेथोस्कोप रुग्णाला धीर देतो आणि कित्येकदा निदानही देतो. ही विद्या ग्रंथातून येत नाही. ती शेजारी उभे राहून शिकावी लागते, आणि शेजारी उभे करून शिकवावीही लागते.

गाव सोडण्याविषयी बोलताना आपण इतिहास विसरतो. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्या अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या आणि जाणत्या मंडळींचा मोठा वर्ग त्यांच्या विरोधात होता. तीनच वर्षांत, १८८६ साली, त्यांनी वैद्यकीय पदवी संपादन केली. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि १९४२ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच निवर्तले. गाव सुटले म्हणजे सेवाभाव सुटला, असे या दोघांविषयी आज कोणी म्हणेल काय? शिवाय आज एम.बी.बी.एस.ची साडेपाच वर्षे, पदव्युत्तर शिक्षणाची तीन आणि अतिविशेष शिक्षणाची आणखी तीन वर्षे धरली, तर साडेअकरा वर्षे होतात. प्रवेशपरीक्षांच्या तयारीचा काळ निराळाच. तिशी ओलांडल्यावर स्थिर होऊ पाहणारा माणूस, ज्या विद्येसाठी त्याने हे तप केले तिला वाव कोठे आहे, हे पाहणारच.

या पिढीचे काही गुण मात्र आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजेत. ‘मला हे ठाऊक नाही, पाहून सांगतो’ असे म्हणण्यात तिला कमीपणा वाटत नाही. स्वतःच्या मनाच्या थकव्याविषयी ती बोलते. रुग्णाला निर्णयात सहभागी करून घेते. २०१९ पासून वृत्ती, नीती व संवाद यांचे शिक्षण एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात रीतसर समाविष्ट झाले आहे, आणि त्यानंतर विद्यार्थ्यांनी ग्रामीण कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करण्याचा उपक्रमही आला आहे. आपल्यापैकी अनेकांना हे धडे अनुभवाच्या ठेचा खाऊनच मिळाले.

मग उणीव कोठे आहे? ती सातत्यात आणि भाषेत आहे. एकाच घरातील आजोबांचा दमा, वडिलांचा मधुमेह आणि नातवाचे बाळदम ज्याने पाहिले, त्या कुटुंबवैद्याला जे दिसते ते कोणत्याही अहवालात उमटत नाही. आणि आपल्या इंदूरसारख्या शहरात रुग्ण येतो तो माळवी, निमाडी किंवा हिंदी बोलत. ‘जी घबरा रहा है’ असे तो म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ मळमळ असू शकतो, मनाची अस्वस्थता असू शकते किंवा हृदयविकाराची पहिली सूचनाही असू शकते. मध्य प्रदेशात ऑक्टोबर २०२२ मध्ये वैद्यकाची हिंदी पाठ्यपुस्तके प्रकाशित झाली, हे स्वागतार्ह आहे. परंतु पाठ्यपुस्तकातील हिंदी आणि रुग्णाची बोली यांतही अंतर आहे. ते अंतर चाळीस वर्षे बाह्यरुग्ण विभागात बसलेला ज्येष्ठ डॉक्टरच उलगडून दाखवू शकेल.

यासाठी आपल्या मंडळाने एवढे करावे. महिन्यातून एकदा ज्येष्ठ व तरुण यांनी एकत्र बसून एका रुग्णाचा वृत्तान्त चर्चेस घ्यावा. इतिहास व शारीरिक तपासणी ज्येष्ठांनी मांडावी, नवे पुरावे व उपचार तरुणांनी मांडावेत. निवृत्त होणाऱ्या डॉक्टराने दवाखाना बंद करण्यापूर्वी सहा महिने एखाद्या तरुण सहकाऱ्याला शेजारी बसवावे आणि रुग्णांची संमती घेऊन त्यांची ओळख करून द्यावी. जागा आणि फर्निचर विकता येते. विश्वास असा हातोहातच सोपवावा लागतो.

आणि पुढील बैठकीत तरुणांचा विषय निघाला, तर चर्चा सुरू करण्यापूर्वी त्यांच्यापैकी दोघा-तिघांना अगत्याने बोलावून घ्यावे.